अडतीस फेट्यांची यादी

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी चिंतामणरावांनी कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं. ठरवलं तेव्हा गोष्ट साधीच होती. शहाण्णव साल; साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका दाताच्या दवाखान्याच्या वर क्लास निघाला होता, आणि कचेरी सुटल्यावर घरी जाऊन दळण आणण्यापेक्षा हे बरं, एवढाच विचार. क्लासात चपला बाहेर काढायच्या आणि आत गारव्यात बसायचं (गारवा यंत्रासाठी आहे, माणसांनी तो आपला समजू नये, हे पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं). बाकी सगळी कॉलेजातली पोरं. शिकवणाऱ्या अपूर्वा मॅडम बावीस वर्षांच्या. त्या यांना काका म्हणत, हे त्यांना मॅडम म्हणत, आणि दोघांचाही मान राहत असे.

दोन महिन्यांत चिंतामणरावांना यादीच्या दोन गोष्टी जमल्या. एक, नावं इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावणं. दोन, नको ते नाव काढणं. नंबर टाकायचा की त्या नंबरचं नाव नाहीसं, आणि त्याच्या खालची सगळी नावं एकेक घर वर सरकून मोकळी जागा भरून काढतात. हे पडद्यावर पहिल्यांदा घडलं तेव्हा त्यांना गहिवरून आलं. कचेरीत पंचवीस वर्षं नाव काढायचं म्हणजे त्यांनी तांबड्या शाईनं रेघ मारली होती, आणि रेघेखालचा माणूस कायम तिथंच बसून असायचा. इथं गेला तो गेला, मागचे शिस्तीत पुढे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी हे कचेरीत सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, आणि चौथ्या दिवसापासून कचेरीतली मंडळी चहाला दुसऱ्या टपरीवर जाऊ लागली.

एवढी विद्या हाताशी आणि वापरायला जागा नाही, अशा अवस्थेत धाकट्या मुलीचं, मयूरीचं लग्न ठरलं.

आपल्याकडे अक्षतांच्या आधी माइकवरून मानकऱ्यांची नावं पुकारतात आणि एकेकाला फेटा बांधतात. वरात तासभर उशिरा आली तरी चालते, पण फेट्यात नाव चुकलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. त्यामुळे ही यादी करायला कुणी धजत नाही. चिंतामणराव धजले. थोरलीच्या लग्नातली वही काढून त्यांनी एकेचाळीस नावं यंत्रात घातली, मुळाक्षरांनी लावली, नंबर टाकून छापली आणि पत्नी विनोदिनीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"आधी कोण आणि मागनं कोण, हे भांडणच मिटलं," ते म्हणाले. "तक्रार असली तर इंग्लंडला कळवा म्हणावं."

विनोदिनीबाई जुन्या मॅट्रिक. त्यांनी बोट फिरवत सगळी यादी वाचली आणि कॅलेंडरच्या फाटक्या पानावर तीन आकडे लिहिले. चार, नऊ, सतरा.

"ही तीन काढा. चार नंबर रहिमतपूरचे आण्णा, जाऊन दोन वर्सं झाली. सतरा मेढ्याचे लालासाहेब, त्येबी गेले."

"आणि नऊ? शिराळ्याचे बाळासो चांगले धडधाकट आहेत की."

"असू देत. थोरलीच्या लग्नात आमच्या बासुंदीला पाणचट म्हणालेत." बाईंनी कागद त्यांच्या हातात दिला. "आनि एकोणीस नंबरला माझा इट्याचा नानासोदादा हाय, त्येचं नाव तेवढं डोळ्यात तेल घालून बघा. गेल्या टायमाला त्येला फेटा मागनं बांधला, तर पाच वर्सं दारात आला न्हाई. या वक्ताला काय झालं तर मला माहेर उरायचं न्हाई."

"अगं, यंत्र चुकत नाही," चिंतामणराव म्हणाले.

(हे अगदी खरं आहे. यंत्र चुकलं नाही.)

दुसऱ्या दिवशी क्लासात बसून त्यांनी चार टाकला. आण्णा गेले, खालचे सगळे वर सरकले. चिंतामणरावांनी मनातल्या मनात आण्णांना हात जोडले. मग नऊ टाकला. मग सतरा टाकला. पडद्यावर आकडा आला अडतीस. एकेचाळीसातून तीन गेले अडतीस, हे त्यांनी बोटांवरही ताडून पाहिलं आणि छापायला दिलं. कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या मुद्दाम फाडल्या नाहीत. यादी कुठून आली हे लोकांना कळायला नको का? फेट्याचं कापड घेतानाही दुकानदाराला ठणकावलं, अडतीस; एक कमी नाही, एक जास्त नाही.

लग्नाच्या दिवशी माइकवर बसलेला माणूस कोरेगावचा, स्पीकरसोबत आलेला. त्याला पाहुण्यांतलं कुणी ठाऊक नव्हतं. चिंतामणराव त्याच्या शेजारी उभे राहून पट्ट्या सरळ करत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कागद दाखवत होते. पहिले सातजण झकास झाले.

"शिराळ्याचे बाळासो."

विनोदिनीबाईंच्या हातातलं अक्षतांचं ताट जागीच थांबलं. बाळासो मागच्या खुर्चीवर, फारशी आशा न धरता बसले होते. ते डोळे पुसत पुढे आले, फेटा बांधून घेतला आणि चिंतामणरावांना कडकडून मिठी मारली. "लय मोठ्या मनाचं हायसा तुमी," ते म्हणाले. "आज बासुंदी कशीबी असू दे."

चिंतामणरावांना वाटलं, विनोदिनीनं ऐन वेळी माफ केलेलं दिसतंय. पुढची नावं चालू होती.

"मेढ्याचे लालासाहेब. लालासाहेब, कुठं असाल तिथनं यावं. तुमची वाट बघतोय."

लालासाहेबांच्या पत्नी बयाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी एकदा मांडवाच्या दाराकडे बघून घेतलं.

नानासोंनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली होती आणि केसांवरून कंगवाही फिरवला होता. यादी संपली. फेटेवाल्यानं हात झटकले. नानासोंनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि बायकोला, येसूबाईंना, एवढंच म्हणाले, "पिशवी घे. इट्याची एस्टी हाय सव्वाला."

मुहूर्ताला दहा मिनिटं. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं, आणि मामा निघाला एस्टी स्टँडला. विनोदिनीबाईंनी माइकवाल्याच्या हातातला कागद ओढून घेतला, कनवटीचं कॅलेंडरचं पान शेजारी धरलं आणि अर्ध्या मिनिटात वर पाहिलं.

"चार नंबर काढल्यावर दहावा नववा झाला का न्हाई?"

"झाला. ते आपोआप होतं," चिंतामणराव अजून अभिमानानंच म्हणाले.

"मग नऊ म्हणून तुमी कुणाला काढलं? रॉकेलच्या रांगेत म्होरला डबा उचलला की मागचं समदं डबं सरकत्यात. खालनं वर काढायचं व्हतं. आदी सतरा, मग नऊ, मग चार. दोन डबं गेल्यावर एकोणीसचा दादा सतरावर आला, आनि तुमी त्येला उडवला."

दोन महिने गारव्यात बसून जे कळलं नाही, ते रेशनच्या दुकानासमोर फुकट कळत होतं. चिंतामणराव बोटांवर पुन्हा मोजू लागले.

"मग नऊच्या ठिकाणी गेला तो दहावा कोण?"

"तुमी," विनोदिनीबाई म्हणाल्या.

फेटेवाल्याच्या हातात एकच फेटा उरला होता, लालासाहेबांचा. डोकी दोन. अडतीस, एक कमी नाही, एक जास्त नाही.

चिंतामणरावांनी तो फेटा काखेत मारला आणि धावत सुटले. नानासोंना फाटकाशी गाठलं.

"दाजी, सोडा," नानासो म्हणाले. "यादीत न्हाई म्हंजे न्हाई."

"यादीत कसं असेल?" चिंतामणराव धापा टाकत म्हणाले. "यादीतल्यांना फेटेवाला बांधतो. मामाचा फेटा मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं बांधायचा असतो." (आयुष्यातलं पहिलं उत्तर, जे त्यांनी कुठंही ताडून न पाहता दिलं.)

नानासोंनी टोपी काढली. चिंतामणरावांनी जन्मात फेटा बांधला नव्हता. टकुरं फुटल्यावर पट्टी बांधावी तसा तो बसला. फेटेवाला नीट करायला आला तर नानासोंनी त्याला हात लावू दिला नाही. तसाच मिरवत मामा भाचीला घेऊन बोहल्यावर आले, आणि विनोदिनीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माहेर राहिलं.

अक्षता पडल्या. मांडवभर फेटेच फेटे, आणि एका बाजूला उघड्या डोक्यानं, हातात भोकाभोकांचा कागद घेऊन चिंतामणराव. सांगलीकडचे, नवऱ्या मुलाच्या बाजूचे एक म्हातारे खुर्चीवरून त्यांच्याकडे वळले.

"मंडपवालं, त्यवढा पंखा हिकडं फिरवा की."

चिंतामणरावांनी पंखा फिरवला. पण राहवेना.

"ही फेट्यांची यादी आहे ना, ही कॉम्प्युटरवर केलेली आहे बरं का."

"आसं व्हय. कुणी क्येली?"

"मुलीच्या वडिलांनी. स्वतः."

म्हाताऱ्यांना कौतुक वाटलं. त्यांनी अडतीसच्या अडतीस फेट्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"ह्यातलं कंचं त्ये?"

चिंतामणरावांनी पंखा आणखी थोडा फिरवला.