फॅट३२ची सेवाज्येष्ठता

रामदास भालेराव यांच्या घरचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कपही धुऊन व्हायचा. शेवटी हडपसरहून मुलानं, चेतननं, फोनवर निकाल देऊन टाकला, “बाबा, विंडोज नव्यानं टाका. त्याआधी सगळ्या फाईल्स पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह आधी फॉरमॅट करा. एनटीएफएस सिलेक्ट करा. इझी आहे.”

भालेराव सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी कर्मचाऱ्यांच्या सेवाज्येष्ठता याद्या केल्या. कोण कधी रुजू झालं आणि बढतीवर हक्क कोणाचा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. ‘इझी’ असं काही त्यांच्या नोकरीत कधी आलंच नव्हतं.

पेनड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर फाईल्स साठवायच्या पद्धतींची तीन नावं आली : एनटीएफएस, फॅट३२ आणि एक्सफॅट. भालेराव खुर्चीत सावरून बसले. एक जागा आणि तीन उमेदवार! मुलगा म्हणतो म्हणून कुणालाही नेमायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. त्यांनी सुनेला फोन लावला.

“एनटीएफएस घ्या नाहीतर एक्सफॅट घ्या, बाबा,” सोनाली म्हणाली. “फक्त फॅट३२ नको. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.”

“पण रुजू कधी झाले तिघं?”

“कोण तिघं?”

भालेरावांनी फोन ठेवला आणि स्वतःच शोध घेतला. एनटीएफएस १९९३ला आलं, फॅट३२ १९९६ला आणि एक्सफॅट २००६ला. वरवर पाहता एनटीएफएस ज्येष्ठ. पण फॅट३२चं मूळ घराणं ‘फॅट’, आणि ते थेट १९७७चं! पदनाम बदललं म्हणून सेवा खंडित धरत नाहीत. भालेरावांनी वहीत लिहिलं, ‘केवळ आकारमानाच्या कारणावरून ज्येष्ठ उमेदवारास डावलता येणार नाही,’ खाली सही ठोकली आणि फॅट३२ची नेमणूक केली.

फाईल्स भराभर पेनड्राइव्हवर गेल्या. एकच अडली. तिच्या नावात नुसते आकडे होते. फाईल फार मोठी असल्याचा संदेश आला आणि खाली ‘स्किप’ असं बटण. एका प्रकरणापायी अख्खा गठ्ठा अडवून ठेवणाऱ्यांतले भालेराव नव्हते. त्यांनी ती वगळली, डिस्क साफ पुसली आणि नवं विंडोज टाकलं. कॉम्प्युटर वीस सेकंदांत सुरू झाला. भालेरावांनी तो कौतुकानं बंद केला, कारण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कामाला जुंपायचं नाही, अशी त्यांची पद्धत होती.

शनिवारी सकाळी त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई म्हणाल्या, “अहो, आईचा व्हिडिओ लावून बघा बरं, आवाज नीट येतोय का. दादा दुपारी स्वारगेटला उतरतोय.”

उद्या प्रेमलाबाईंच्या दिवंगत आईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिच्या स्मरणाचा, कार्यक्रम होता. आई जात्यावरच्या ओव्या म्हणतेय, मध्येच थांबून गावच्या गोष्टी सांगतेय, असा दीड तासाचा एकसलग व्हिडिओ चेतननं काढला होता. त्याचा तो फोन पुढे खडकवासल्याच्या पाण्यात गेला. आईचा आवाज उरला होता तो या कॉम्प्युटरमध्येच. तोच ऐकायला भाऊ सोलापूरहून निघाला होता.

भालेरावांनी पेनड्राइव्ह तीनदा उलटापालटा करून पाहिला. मग त्यांना ते नुसत्या आकड्यांचं नाव आठवलं.

“अगं... ते एक प्रकरण वगळलं गेलंय.”

“कुठलं प्रकरण?”

त्यांनी सांगितलं. प्रेमलाबाईंनी सरळ सोनालीला फोन लावला. त्या चिडल्या असत्या तर भालेरावांना सोपं गेलं असतं.

दीड तासानं सोनाली लॅपटॉप घेऊन आली. “बाबा, विंडोज टाकल्यावर त्यावर काय काय केलंत?”

“काहीच नाही. एक दिवस विश्रांती दिली.”

“वाचलात! विंडोजखेरीज वर नवं काही लिहिलं गेलं नसेल, तर जुनं सापडू शकतं.” तिनं डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि शोध सुरू केला. तीन तास कुणी जेवायचं नाव काढलं नाही. मग पडद्यावर एक सुरकुतलेला हात दिसला, जात्याचा खुंटा धरलेला, आणि ओवी सुरू झाली. प्रेमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भालेरावही चष्मा पुसायला लागले.

“अजून बरंच निघतंय,” सोनाली म्हणाली. “खूप आधी डिलीट केलेलंही. हे काय? ‘गोपनीय अहवाल, सौ. प्रेमला, २०११’?”

“ते बंद कर!” भालेराव ओरडले.

“उघड गं,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

सोनाली वाचू लागली, “वक्तशीरपणा : उत्तम. वरिष्ठांशी वर्तन : उद्धट. सुधारणेस वाव.”

“वरिष्ठ कोण? तुम्ही?” प्रेमलाबाईंनी मान वळवली. “आणि प्रतिकूल शेरे वेळेत कळवले नाहीत तर ते रद्द होतात ना? तुम्हीच सांगायचात.”

“होतात,” भालेराव खाली बघत म्हणाले.

“मग तो रद्द. पुढं वाच.”

“सचोटी : संशयातीत. सर्वसाधारण शेरा...” सोनालीचा आवाज जरा हळू झाला. “गावी असलेल्या आईची आठवण येते, पण बोलून दाखवत नाही. सदर कर्मचाऱ्यावाचून या घराचा एक दिवसही निभाव लागणार नाही.”

लॅपटॉपवर ओवी चालूच होती. प्रेमलाबाई नवऱ्याकडे वळल्या.

“चौदा वर्षं हे लिहून ठेवलंत. एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

भालेराव अवघडून म्हणाले, “अगं, अहवाल गोपनीय होता.”