कोचबाई रेवाला बघायला आल्या

"रेवाची उंची लिहिलीस, वजन लिहिलंस. आता तुझी न चित्राची उंची कशाला लिहून राहिलास?" विजयालक्ष्मीबाईंनी मुलाला विचारलं.

"रेवा अजून किती वाढेल, ते कोचला कळायला हवं ना," सारंग लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला.

"म्हणजे खानदान बघतात. मग गोत्रही लिही."

आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या त्या घरात पाच वर्षं एकच कार्य चाललं होतं. सारंग-चित्राच्या लेकीला, रेवाला, हॉकीच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवून द्यायची. ती बारा वर्षांची असतानाच सारंगने एक्सेल उघडलं होतं. दर महिन्याची उंची, पळण्याचा वेग, प्रत्येक गोल, प्रत्येक विषयाचे मार्क. शनिवारी पावसात ट्रायपॉड रोवून तो सामने शूट करायचा आणि रविवारभर बसून त्यांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ बनवायचा. बावन्न कोचना ईमेल गेल्या. एकीचं उत्तर आलं. गुरुवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल.

नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या विजयालक्ष्मीबाईंचा हे बघून संताप होत होता. एके काळी त्या जिल्ह्याच्या खो-खो संघाच्या कप्तान होत्या. एकोणिसाव्या वर्षी बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "खेळ सोडेल ना मुलगी?" वडिलांनी लेकीच्या देखतच उत्तर दिलं, "सोडलाच आहे." त्या दिवशीच्या पोह्यांत मीठ जास्त पडलं होतं, आणि ते चुकून पडलेलं नव्हतं.

"गुरुवारी फक्त नमस्कार कर आणि आत जा," सारंगने बजावलं.

"आमच्या वेळी मुलीला आत पाठवायचे. आता आजीला."

सारंगने सगळं ठरवलं होतं. बॉल्सब्रिजच्या ऑफिसातून साडेतीनला निघायचं, इस्त्रीचा शर्ट घालायचा, कॅमेऱ्याशेजारी दिवा लावायचा. एकच गोष्ट राहिली. अमेरिकेतली घड्याळं त्या रविवारीच तासभर पुढे गेली होती आणि आयर्लंडची पुढे जायला दोन आठवडे होते, त्यामुळे तिकडून ठरलेला पाचचा कॉल इथे चारलाच येणार होता. चार वाजता घरात विजयालक्ष्मीबाई एकट्या असताना टेबलावरचा लॅपटॉप वाजू लागला. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला वाजती घंटा सहन होत नाही. त्यांनी बटण दाबलं.

पाच वाजता या, एवढंच इंग्रजीत सांगायचं होतं. पण हिरव्या जॅकेटातल्या कोचबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही आजी? घरच्यांना भेटायला आम्हाला फार आवडतं. रेवा गुणी खेळाडू आहे हं."

आपल्या पोरीचं कौतुक आपण थोडंच मान्य करायचं असतं? "कसलं काय," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "आळशी आहे. तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही."

कोचबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते पेन बघून विजयालक्ष्मीबाई पेटल्या. त्यांनी फ्रिजवरची किराण्याची वही ओढली.

"तुम्ही लिहिताय तर मीही लिहिते. चार वर्षांपूर्वी किती मुली घेतल्या?"

"आठ."

"त्यांतल्या आज किती आहेत?"

कोचबाईंनी बोटांवर मोजलं. "पाच. दोघी घरी परत गेल्या. एकीचा गुडघा गेला."

"मग तिची शिष्यवृत्ती?"

"ती दर वर्षी नव्याने ठरते."

"म्हणजे गुडघा मोडला की मुलगी माहेरी."

कोचबाई वरमल्या. "असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. बरं, आम्ही कळवू."

"आधी चारही वर्षांचं लेखी द्या. मग आम्ही कळवू," म्हणत त्यांनी लॅपटॉप मिटला.

पावणेपाचला धापा टाकत आलेला सारंग सगळं ऐकून जिन्याच्या पायरीवरच बसला.

"पाच वर्षं, आई. आणि तू तिला आळशी म्हणालीस?"

"खोटं आहे का?"

"आणि ते माहेरी?"

"त्याला इंग्रजीत शब्द नाही. 'मदर्स हाउस' म्हटलं. समजलं तिला."

चित्रा कामावरून आली, तिने सगळं ऐकलं आणि हसू लपवायला चहा टाकायला गेली. सारंग दोन दिवस आईशी फक्त हवेबद्दल बोलला.

शनिवारी ईमेल आली. चार वर्षांची शिष्यवृत्ती, दुखापत झाली तरी कायम, लेखी. शेवटी एक ओळ: सकाळी उठवण्याची जबाबदारी आमची. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

सारंगने ईमेल दोनदा मोठ्याने वाचली. विजयालक्ष्मीबाई खुर्चीतून उठल्याच.

"बघत काय बसलास? हो म्हणून टाक, आत्ताच्या आत्ता. इतकं चांगलं स्थळ पुन्हा येणार नाही."

रेवा नुकतीच सामन्यावरून आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात टोस्ट. तिने शांतपणे घास गिळला.

"डिड एनीवन ॲक्चुअली आस्क मी, लाइक?"

स्वयंपाकघरात सारंगने बायकोकडे बघितलं, चित्राने सासूबाईंकडे. विजयालक्ष्मीबाई हळूच पुन्हा खुर्चीत टेकल्या, पदर सारखा केला आणि संतापाने मुलाकडे वळल्या.

"ऐकलंस ना, सारंग? पाच वर्षांत एकदा तरी विचारलंस का पोरीला?"