गद्रेबाई आणि पाण्याचा गट

गद्रेबाई दार वाजवून खोलीत जात. खोलीत फक्त उंदीर असत.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात बाई आणि मी बरोबरीनं कामाला होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवा शिपाई भोईर पहिल्याच दिवशी गोंधळला. "आत कोन बसलाय, बाय?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "पेशंट आहेत. तू उदबत्ती लावून आलायस, बाहेरच थांब."

उंदरांच्या खोलीत वासाचं बाईंना भारी वावडं. अत्तर चालायचं नाही, केसांना लावलेलं तेल चालायचं नाही. घरी भांडून आलेला माणूस तर मुळीच नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणत, "पाटणकर, आज वहिनींशी वाजलंय ना? तुम्ही आपले कागद बघा." त्यांचा अंदाज बरोबर असायचा, म्हणून मला जास्त राग यायचा.

उंदरांशी बाईंचं अहोजाहो. चहाच्या पेल्यावर तळवे शेकायचे आणि मगच एकेकाला उचलायचं. कुणी घाई केली की म्हणायच्या, "बसू द्या जरा त्यांना." आम्ही पाठीमागे त्यांचं नावच 'बसू द्या जरा' ठेवलं होतं. त्यात मी पुढे असायचो.

एकदा मोठे साहेब हाँगकाँगहून एका वाळक्या वेलीचं पोतं घेऊन आले. वेलीला मांजराच्या नखांसारखे आकडे. चिनी वैद्य पिढ्यान् पिढ्या तिचा काढा रक्तदाबावर देतात, असं त्यांना तिकडे कळलं होतं. "पाटणकर, हे चालायलाच पाहिजे," ते म्हणाले. ते 'चालतं का बघा' म्हणाले नाहीत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

जन्मतःच रक्तदाब जास्त असलेले उंदीर मागवले. अर्ध्यांना काढा द्यायचा, अर्ध्यांना नुसतं पाणी. दोन गटांत फरक पडला, तरच तो औषधाचा गुण. दाब घेण्यासाठी उंदराला नळीत बसवून शेपटीला चिमुकला पट्टा बांधतात. नवखा उंदीर नळीत घाबरतो आणि त्याचा दाब चढतो. सवय झाली की तो आपोआप उतरतो. म्हणून बाई आधी कित्येक दिवस त्यांना नुसतं बसायला शिकवत.

या वेळी बाई रजेवर होत्या. त्यांची आई शेवटच्या आजारात होती. साहेबांना घाई, म्हणून मी घाबरलेल्या उंदरांचेच आकडे 'औषधाआधीचे' म्हणून लिहून टाकले. बाई परतल्या आणि पुढचं सगळं त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. शेवटी काढा पिणाऱ्यांचा दाब झकास उतरला होता. पाणी पिणाऱ्यांचाही तेवढाच उतरला होता.

"हा काढ्याचा गुण नाही," बाई म्हणाल्या. "पहिले आकडे भीतीचे होते."

मी मान डोलावली आणि अहवालातून पाण्याचा गट गाळून टाकला.

बैठकीत बाईंनी सरळ विचारलं, "पाण्याचा गट कुठे गेला?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, बाई उंदरांचे फार लाड करतात. त्यामुळे पाणी पिणाऱ्यांचाही दाब उतरला. तो गट धरण्यात अर्थ नाही."

सगळे हसले. हसू थांबेपर्यंत बाई थांबल्या.

"लाड मी दोन्ही गटांचे सारखेच केले, पाटणकर."

ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या शिरलं, आणि मी अहवालाचं पुढचं पान उलटलं. आठवड्याभरात बाईंची बदली ग्रंथालयात झाली. उंदरांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. पुढे बाहेरच्या तपासणीत काढ्याचा काहीच प्रभाव दिसला नाही आणि प्रकल्प गुपचूप बंद पडला. पण गद्रेबाईंनी प्रयोग बिघडवला, हे बोलणं त्या निवृत्त झाल्या तरी चालूच राहिलं. प्रयोग त्यांनी नाही, मी बिघडवला. त्यांच्या हयातीत मी हे कुणाला सांगितलं नाही.

बदलीनंतर त्या एकदाच त्या खोलीत आल्या. प्रयोग संपला की उंदरांना ईथर देऊन संपवत. "दुसऱ्या कुणाच्या हातात ते घाबरतील," त्या म्हणाल्या. "मी करते." मी दारात उभा होतो. प्रत्येकाला त्या तळव्यावर घेत, तो शांत झाला की मगच बरणीत सोडत. तोंडानं काहीतरी बोलत होत्या. काल भाजी काय केली, कोपरला घरी नळाला पाणी किती वेळ आलं, असलं काहीतरी.

शेवटचा एक उरला.

"हे पाण्याच्या गटातले ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे तुमच्या अहवालात हे नाहीतच."

मी बरणीकडे पाहिलं.

"मग जे नाहीत त्यांना मारायचं कसं?" त्यांनी डब्याच्या पिशवीत नॅपकिन पसरला आणि त्याला आत ठेवलं.

"बाई, घरी कुठे ठेवणार?"

"आई गेल्यापासून घरात जागाच जागा आहे."

गेटवर सगळ्यांच्या पिशव्या तपासत. मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. वॉचमननं पिशवीकडे हात केला. पिशवी हलली.

"बाईंचा डबा आहे," मी म्हणालो. "जाऊ दे."