पेल्की मागे थांबतील

खोटं मला वासावरून कळतं! बढाई मारत नाही. दुकानात डबा उघडून एकेक अंडं हलवून पाहिल्याशिवाय मी अंडी घेत नाही. आमच्या लग्नात पाद्रीबाबांनी "तू हिचा स्वीकार करतोस का?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "ते नंतर! तुम्हाला लग्नं लावायचा परवाना कोणी दिला?" बायको, डोलोरेस, अजून हा प्रसंग आल्यागेल्याला सांगते. सांगू दे! आपलं लग्न पक्कं आहे याची खात्री करून घेतलेला अख्ख्या मिलवॉकीत मीच एकटा असेन.

असा माणूस कारखाने तपासायच्या धंद्यात शिरला नसता तरच नवल. लोर्ना हेडस्ट्रॉमची इथे छोटीशी कंपनी आहे, तिच्याकडे मी तपासनीस आहे. कारखान्यात जायचं, सगळं नियमाप्रमाणे चाललंय का ते बघायचं, चाललं असेल तर प्रमाणपत्र द्यायचं. लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात.

जानेवारीत एके दिवशी लोर्नाचा फोन आला. फ्लूने तिचं नाक गच्च झालं होतं.

"रोमन, उद्या लोणच्याच्या कारखान्यात तुझ्या तपासणीला पेल्की येणार आहेत."

"कोण पेल्की?"

"मान्यता देणाऱ्या संस्थेकडून."

"कसली मान्यता? आपली प्रमाणपत्रं आहेत की!"

"अरे बाबा, प्रमाणपत्रं आपण दुसऱ्यांना देतो! पण ती द्यायची आपली लायकी आहे का, हे बघायला कोणी नको? लोणचेवाला नीट काम करतो का, ते तू बघणार. तुला नीट बघता येतं का, ते पेल्की बघणार. त्याला मिळतं ते प्रमाणपत्र, आपल्याला मिळते ती मान्यता. शिरलं डोक्यात?"

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"हो!" ती जोरात शिंकली. "आणि मान्यता गेली ना, तर आपली प्रमाणपत्रं बरण्या गुंडाळायच्या लायकीची! कंपनीला कुलूप. मी घरी, तू डोलोरेसच्या तावडीत. नीट ऐक. पेल्की तुझ्या मागे थांबतील. काम सुरू झालं की त्यांनी तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. तूही त्यांच्याशी बोलू नकोस. बघतायत हे विसरूनच जा."

विसरून जा म्हणे! रात्रभर माझ्या मानेकडे मागून कोणीतरी बघत होतं.

सकाळी बर्फ तुडवत कारखान्यात पोचलो. व्हिनेगरचा वास डोळ्यांत शिरत होता. दाराशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. कडक कोट, टाय, हात पाठीमागे आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगात एकही गोष्ट धड होत नाही. मी मनात म्हटलं, हेच पेल्की! मी अदबीने मान झुकवली. त्यांनीही झुकवली. शब्द मात्र नाही. नियमाचे पक्के!

कॉफीच्या मशीनजवळ लाल लोकरीची टोपी घातलेली एक बाई होती. ती हसत पुढे आली. "गुड मॉर्निंग, मी—"

"बाई, कामगारांचं दार मागे आहे," मी म्हणालो आणि पुढे सटकलो. पेल्कींसमोर वेळ घालवून कसं चालेल?

मॅनेजर वेंडेल ऑस्बीच्या खोलीत आम्ही बसलो. तपासणी सुरू करताना प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची असा रिवाज आहे. पण पेल्कींशी बोलायचं नाही, मग त्यांची ओळख करून कशी द्यायची? मी डोकं चालवलं. "आपण सगळे एकमेकांना ओळखतोच, नाही का?"

आता आमच्या विस्कॉन्सिन राज्यातली माणसं! समोरच्याला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून ही माणसं आगीतही "थोडं उकडतंय, नाही?" असं म्हणतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. वेंडेलने डोलावली, पेल्कींनी डोलावली, लाल टोपीसुद्धा आत येऊन कोपऱ्यात बसली होती, तिनेही कसनुशी डोलावली.

तेव्हाच मला पहिला वास आला. ही बाई कोण?

आम्ही पिंपांच्या खोलीत गेलो. मी पुढे, पेल्की मागे, त्यांच्या मागे ती! मी थांबलो की ती थांबे. मी वाकलो की ती मान लांब करून बघे. मी वेंडेलला बाजूला घेतलं.

"ती बाई कोण हो?"

वेंडेल गोंधळला. "तुमच्याबरोबरचीच ना?"

बघा! उत्तर टाळतोय! चोराच्या घरी सगळे सामील! मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"कोण तुम्ही?"

ती हळूच म्हणाली, "मला बोलता येत नाही."

"आत्ता बोललात की!"

"म्हणजे, बोलायची परवानगी नाही."

"कोणाची परवानगी नाही?"

तिने ओठ घट्ट मिटले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेर! पलीकडच्या गावातल्या लोणचेवाल्याने मसाला चोरायला पाठवलेली हेर! तपासनीस असावा तर असा, मी स्वतःशीच म्हणालो.

तेवढ्यात मागे डुबुक आवाज झाला. वळून बघतो तर काय! पेल्कींनी कोटाची बाही वर करून कोपरापर्यंत हात पिंपात घातलेला! त्यांनी एक काकडी काढली, कचकन चावली आणि उरलेली परत पिंपात टाकली!

दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी अख्खं पिंप ओतायला लावलं असतं. पण हे पेल्की! ही नक्की परीक्षा आहे, मला बोलतं करायचा डाव आहे! मी छताकडे बघत दिव्याची तारीफ केली. वेंडेलही छताकडे बघायला लागला. लाल टोपी मात्र आमच्या दोघांकडे डोळे फाडून बघत होती.

दुपारी मी शेवटच्या बैठकीत उभा राहिलो. आवाज खणखणीत.

"एक गंभीर दोष! तुमच्या कारखान्यात दिवसभर एक परकी व्यक्ती मोकाट फिरली आणि ती कोण, हे एकाही माणसाने धड विचारलं नाही!" मी लाल टोपीकडे बोट केलं.

वेंडेलचा चेहरा पडला. "अहो, पण त्या तुमच्याबरोबर आल्यात ना?"

"माझ्याबरोबर फक्त पेल्कीसाहेब आहेत!" मी म्हाताऱ्यांकडे हात केला.

"एल्मर? ते माझे सासरे!"

"सासरे?"

"कारखाना त्यांनीच काढला. निवृत्त झाले, तरी रोज टाय लावून येतात. पिंपात हात घालू नका म्हणून सांगून सांगून थकलो! आज तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं मोठ्या मनाचा माणूस!"

एल्मरनी कानामागे हात नेला. "काय म्हणतोय तो?"

"तुम्हाला पेल्की म्हणतोय!" वेंडेल त्यांच्या कानात ओरडला.

"फार चांगला माणूस आहे!" एल्मर म्हणाले. "इतक्या वर्षांत मला मान दिलेला पहिलाच!"

लाल टोपी उठली. "काम संपलं ना? मग आता मला बोलता येईल. मी थिओडोरा पेल्की."

माझ्या डोळ्यांसमोर कुलूप लावणारी, नाक पुसणारी लोर्ना उभी राहिली.

"तुमचा दोष अगदी बरोबर आहे," पेल्कीबाई शांतपणे म्हणाल्या. "परकी व्यक्ती दिवसभर फिरली आणि कोणी धड विचारलं नाही. फक्त तो यांचा नाही, तुमचा. आणि पिंपाचं काय?"

ते पिंप माझ्यासमोर नाल्यात ओतलं गेलं. लोर्नाची मान्यता टांगणीला लागली. पेल्कीबाई पुन्हा येऊन बघणार, मग ठरणार. लोर्ना मला काही बोलली नाही. नुसती शिंकत राहिली आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

वसंतात पुन्हा तोच कारखाना. या खेपेला मी कोणालाच सोडलं नाही! दाराशीच सगळ्यांना ओळीत उभं केलं. वेंडेलचं ओळखपत्र पाहिलं. एल्मरना केसांची जाळी घातली, हातमोजे घातले. पेल्कीबाईंचं कार्ड उजेडात धरून पाहिलं, त्यांच्या ऑफिसला फोन लावला, आवाजाची खात्री केली. त्यांनी कार्ड परत पर्समध्ये ठेवलं.

"झालं समाधान?"

"झालं!" मी छाती फुगवली.

"काम अजून सुरू व्हायचंय, तेवढ्यात मी बोलून घेते," त्या म्हणाल्या. "आता तुमचं ओळखपत्र?"

मी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. कोटाचं अस्तर चाचपलं. ओळखपत्र हिवाळ्याच्या कोटात राहिलं होतं आणि कोट डोलोरेसने धुवायला दिला होता.

"म्हणजे," पेल्कीबाईंनी वेंडेलकडे पाहिलं, "हे कोण, हे सांगणारं इथे कोणी आहे का?"

"मी सांगतो!" एल्मरनी हातमोजा वर केला. "मी चांगला ओळखतो त्याला. हे पेल्की!"

लोर्नाची मान्यता टिकली. कशी टिकली, ते मी विचारलं नाही.