सात नंबरची चकती

चेंबरचं दार लावून ऑपरेटरने गॅसचा व्हॉल्व्ह उघडला आणि दहा मिनिटांनी त्याचं लक्ष भिंतीवरच्या फळीकडे गेलं. फळीवर एक चकती लटकत होती. सात नंबरची.

आत जाताना चकती फळीवर अडकवायची, बाहेर आलं की काढून घ्यायची. फळी रिकामी झाल्याशिवाय गॅस सोडायचा नाही. नियम एवढाच. आणि सात नंबरची चकती त्याने सकाळी स्वतःच्या हाताने कारखाना बघायला आलेल्या सासऱ्यांना दिली होती.

त्याने आकडा पुन्हा वाचला. सातच.

सासरे जन्मभर विटा रचलेले गवंडी. पोलाद गाळून उरलेला दगडी कचरा दळायचा, त्याचे ठोकळे पाडायचे, चेंबरमध्ये रचायचे आणि शेजारच्या धुराड्यातून पकडून आणलेला कार्बन डायऑक्साइड त्यांना पाजायचा, की ते टणक होतात, हे त्यांना पटतच नव्हतं. "कचऱ्याला धूर पाजून कधी भिंत उभी राहते का?" असं सकाळपासून सतरा वेळा विचारून झालं होतं. मग प्रश्न एकदम थांबले. त्या सुटकेच्या आनंदात ऑपरेटरचं फळीकडे बघायचंच राहिलं.

ठोकळ्यांना तो गॅस मानवतो. सासऱ्यांना कसा मानवेल?

तो इतक्या जोरात उठला की खुर्ची उलटली. त्याने लाल बटण दाबलं. भोंगा बोंबलला. गॅस बाहेर ओढणारे पंखे घरघरू लागले. पण हवा साफ झाल्याशिवाय दाराचं कुलूप उघडत नाही. पडद्यावर आकडा आला: अकरा मिनिटं.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, बाबा फोन उचलत नाहीयेत. तुमच्याबरोबरच आहेत ना?"

"आहेत की. म्हणजे... आत आहेत."

"आत काय करताहेत?"

"विटा बघताहेत. शांतपणे."

"बाबा? आणि शांतपणे?"

त्याने फोन ठेवला. या गॅसला वास नाही, रंग नाही. माणूस ओरडतसुद्धा नाही, नुसता आडवा होतो, हे प्रशिक्षणाच्या वर्गात तो दरवर्षी नव्या कामगारांना सांगायचा. तेव्हा त्याला स्वतःला भीती वाटत नसे.

मॅनेजरबाई धावत आल्या. "आत किती जण?"

"एक."

"कोण?"

"सासरे."

"तुमचे? आणि तुम्ही त्यांना एकटं..."

"मॅडम, नंतर ओरडा. आधी मास्क द्या!"

अकरा मिनिटं अकरा वर्षांसारखी गेली. दार उघडलं तशी पांढरी कोमट वाफ अंगावर आली. मास्क चढवून, पाठीवर हवेची नळकांडी घेऊन पाचसहा जण आत घुसले. रॅकच्या रांगांमधून चाचपडताना ऑपरेटर एकाला धडकला.

"सापडला का?" त्या माणसाने मास्कमधून घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही हो! तुम्ही त्या कोपऱ्यात बघा. वयस्कर गृहस्थ आहेत. अंगाने आडवे, स्वभावाने त्याहून आडवे."

"वयस्कर कुठला? चाळिशीचा आहे. काडी पैलवान. जरा वेंधळा."

ऑपरेटरने रॅकचा दांडा पकडला. "म्हणजे... दोघं अडकलेत?"

"दोघं?" समोरच्यानेही रॅकला घट्ट धरलं.

दोघं गुडघ्यांवर आले. एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून प्रत्येक रॅकखाली हात घातला. हाताला लागत होते ते फक्त ओले ठोकळे. प्रत्येक ठोकळा ऑपरेटरला आधी बूट वाटायचा आणि काळजाचा ठोका चुकायचा.

"नाही सापडला," समोरचा रडवेला झाला, "तर पोरीला काय तोंड दाखवू?"

"आणि मी बायकोला काय..."

दोघेही थांबले. हळूहळू वळले. मास्कच्या काचेला काच लागली.

"बाबा?"

"जावईबापू?"

बाहेर पायरीवर दोघं शेजारी बसले. सासरे गॅस सुटण्याआधीच चेंबरच्या मागच्या, ट्रॉल्यांसाठीच्या दाराने कचऱ्याचा ढीग बघायला गेले होते, चकती विसरून. भोंगा ऐकून परत आले तर जावयाच्या केबिनमध्ये नुसती उलटलेली खुर्ची, आणि जो तो म्हणतोय, एक जण आत आहे. कोणीतरी मास्क वाटत होतं, त्यांनीही हात पुढे केला.

"अहो, पण तुम्ही आत शिरलात कसे? या वयात!"

"तुम्ही आत आहात म्हटल्यावर बाहेर थांबू?" म्हातारा खेकसला. पण त्याने जावयाचं मनगट धरलं होतं, ते काही सोडलं नाही.

मॅनेजरबाई दुरून चेंबरभर कच्च्या राहिलेल्या ठोकळ्यांकडे आणि आळीपाळीने या दोघांकडे बघत होत्या. इतक्यात सासऱ्यांच्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, तुमचा आवाज का कापतोय?" पलीकडून लेक विचारत होती. "खरं सांगा, तुम्ही दोघं भांडलात ना?"

"नाही गं," सासरे म्हणाले. "भांडायला भेटलोच कुठे? सगळा वेळ एकमेकांना शोधण्यातच गेला."