चिखलवाले मूळ ओळख बचाव कृती समिती

समाज किती जागा आहे, हे त्याच्या भावना किती लवकर दुखावतात यावरून ओळखावं. या मापानं सन २००५ मध्ये आमची शिवाजी पेठ चोवीस तास जागी होती.

पेठेत बाळासोंचं सायबर कॅफे होतं. तिथल्या लढाईच्या एका खेळात चिखलवाले नावाची फौज होती. घोडा नाही, चिलखत नाही, अंगावर बेडकाचं कातडं. पण एकदा उभे राहिले की हटायचे नाहीत. खेळाच्या नव्या आवृत्तीत कंपनीनं त्यांना गोरं केलं, पंख लावले, सोनेरी चिलखत चढवलं आणि वर माघारीचं बटण दिलं. चिखलवाल्यांना पळायचं बटण! लाज वाटायला पाहिजे होती कंपनीला.

ताबडतोब समिती स्थापन झाली. चिटणीस मी. अध्यक्ष तालमीचे गणपतराव (चिखलवाले हा फुटबॉलचा संघ आहे अशी त्यांची समजूत होती; ती दूर करायला वेळ नव्हता). मूळ ओळख म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला तीन उपसमित्या नेमल्या. पहिलीनं बेडूक मान्य केला, दुसरीनं फेटाळला, तिसरीनं मिसळ खाल्ली. शेवटी चिखलवाल्यांना कोल्हापुरी फेटा एकमतानं मंजूर झाला, कारण तो मुळात असायलाच हवा होता.

निवेदन सरकारी कचेरीत दिलं. त्यात बेडूक असल्यामुळे साहेबांनी ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' जनावरांच्या खात्याकडे पाठवलं. आवक शिक्का मात्र मिळाला. त्याची झेरॉक्स तालमीत फ्रेम करून लावली.

मग मोर्चा. गणपतराव कॅफेच्या दारात गरजले, "बाळासो, ह्यो खेळ तुमच्या दुकानात दिसाय नगं!" दुकानाच्या काचा नव्या होत्या. बाळासोंनी आत जाऊन नऊच्या नऊ मशिनींवरून खेळ पुसला. आम्ही पेढे वाटले.

तेवढ्यात धम्मपाल आले. हे एसटीच्या वर्कशॉपातले मेकॅनिक, वय बेचाळीस. ड्युटी सुटली की रोज तासभर चार नंबरच्या मशिनीवर चिखलवाले खेळायचे. त्या एकाच मशिनीवर जुनी आवृत्ती होती. तिची सीडी कधीच खराब झालेली, आणि कंपनीनं ती विकायचं बंद केलेलं. पाच वर्षं त्यांनी एकच फौज जपली होती. एकेका गड्याला नाव दिलं होतं.

"बाळासो, जुनं बी पुसलासा?"

"मी काय करू? सगळं पुसा म्हणली की समिती."

धम्मपाल खुर्चीत बसले. मशिनीवर आपली फौज शोधून बघितली. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "तुमच्यातलं कोण खेळलंय काय ह्ये? एकदा तरी?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. तरी आम्ही दप्तर तपासलं. निवेदनावर सह्या चारशे बारा. त्यांपैकी खेळलेले शून्य (चिटणिसासह). धम्मपाल यांची सही आढळली नाही. सह्या घेतल्या तेव्हा ते आत खेळत होते.

समितीनं त्यांच्या बेफिकिरीबद्दल खेदाचा ठराव केला. धम्मपाल पुन्हा कॅफेत आले नाहीत. समितीचं कार्य मात्र जोमानं चालू आहे. आणि पावणं, हसताय काय? वर वाचताना कंपनीचा राग तुम्हालाही आलाच की. चिखलवाले कधी बघितलेत तुम्ही? न्हाय न्हवं? मग या, चारशे तेराव्या ओळीवर सही करा.