म्हातारीला तोंड दे!

“संवाद आधी तोंडाने म्हणा, कागद नंतर! आणि पुटपुटू नका, भिंती दचकल्या पाहिजेत!”

कथालेखनाच्या वर्गातल्या बाईंचं हे वाक्य हळूबाईंच्या डोक्यात सकाळपासून घुमत होतं. हळूबाई हे नाव वर्गानेच ठेवलेलं. आवाजच तसा! दुकानात साबण मागितला तरी दुकानदाराला वाटे, बाई आपल्यासाठी प्रार्थना करताहेत. पण आज बेत पक्का होता. कथेतल्या खाष्ट सुनेच्या तोंडी असा संवाद घालायचा की वर्ग गार पडला पाहिजे! घरी कुणाला वर्गाचा पत्ताच नव्हता. कथा छापून आली की एकदम सांगायचं होतं.

नवरा आंघोळीला, सासूबाई फिरायला. हळूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं, झारा उगारला आणि कडाडल्या, “या म्हातारीला आता घरात ठेवायची नाही! आजच्या आज बोचकं बांधा तिचं!”

स्वतःच्याच अंगावर काटा आला! तेवढ्यात आठ वाजले आणि त्यांचं मौन सुरू झालं. रोज आठ ते बारा. लग्नाआधीपासूनचं व्रत, बोट भाजलं तेव्हाही मोडलं नव्हतं.

दार उघडलं, तर समोर सासूबाई! चपला हातात, चेहरा पांढराफटक.

“बोचकं कशाला? बॅग आहे माझी!”

हळूबाईंनी जोरजोरात हात हलवले. हातात झारा होताच!

“अरे धाव रे! ही मारते मला!”

नवरा टॉवेलवर धावत आला. हळूबाईंनी घाईघाईने झारा टाकला, तो नेमका त्याच्या अंगठ्यावर! मग त्यांनी कागद ओढून खरडलं: ‘मी नाही बोलले. माझ्या आत एक दुष्ट सून आहे. ती बोलली.’

नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं आणि मटकन खाली बसला. सासूबाईंनी समोरच्या घरातल्या नर्सताईंना हाक मारली. त्यांनी नाडी धरली.

“कधीपासून आहे ही आत?”

‘पंधरा दिवस,’ हळूबाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं.

“बाहेर कधी जाणार?”

‘बाई सांगतील तेव्हा.’

“अगं बाई! तिसरीही आहे!” नर्सताईंनी नाडी सोडली आणि घरी पळून आतून कडी लावली.

सासूबाई बॅग घेऊन जिन्याकडे वळल्या. “बहिणीकडे जाते. तुम्ही तिघी नांदा सुखाने!”

सतरा वर्षांचं व्रत एकीकडे, जिन्यावरची ती वाकलेली पाठ दुसरीकडे.

“आई, थांबा!” हळूबाई किंचाळल्या. जिना दणाणला. “कथा लिहितेय हो मी! ती कथेतली सून आहे!”

सगळं ऐकून सासूबाईंनी बॅग खाली ठेवली. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “आणि ती म्हातारी काय उत्तर देते?”

“काही नाही. रडत निघून जाते.”

“रडत? इतकी मुळमुळीत? अगं, तोंड दे तिला! मी रडले का आत्ता?”

“उद्या देते, आई. शब्द माझा.”

दुसऱ्या दिवशी हळूबाई कागद घेऊन बसल्या. काल मोडलेल्या व्रताचं प्रायश्चित्त म्हणून आज दिवसभर मौन होतं. संवाद मोठ्याने म्हणायचा कुणी?

आतल्या खोलीतून आवाज फुटला, “घर माझं आहे, भवाने! तुझंच बोचकं बांधते, ये समोर!”

भिंती दचकल्या. पाठोपाठ दारावरची घंटा वाजली. नर्सताई धापा टाकत उभ्या होत्या. “आता सासूबाईंमध्ये गेली का ती?”

हळूबाईंनी गोड हसून त्यांना खुर्ची दिली आणि निमूटपणे पेनाचं टोपण काढलं.